जिनिंगमधले काट्यावरचे दादा आजारपणानंतर परत कामावर येतो म्हणून राहिले, त्यांना कसं घ्यावं?

सरकी_ढेप (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय पण वाचा. आमची छोटी जिनिंग आहे (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना), मालक म्हणजे माझे काका, हिशेब आणि माणसं मी बघतो. वजनकाट्यावर एक दादा आहेत, मी शाळेत होतो तेव्हापासून तेच. गाडी भरलेली तोलायची, कापूस खाली झाला की रिकामी तोलायची, पावती फाडायची, आणि समोरचा कितीही तापला तरी आवाज न चढवता त्याला आकडा दाखवायचा. मागच्या सीझनच्या शेवटाला त्यांचं बिनसलं. आधी झोप गेली, मग एकच पावती परत परत तपासायला लागले, लाईन खोळंबायची, लोक ओरडायचे, मग ते अजूनच तपासायचे. एक दिवस काट्याच्या खोलीतच घाम फुटून छाती धरून बसले, आम्हाला वाटलं हार्टचं आहे, गाडीत घालून नेलं तर ईसीजी एकदम चांगला. तेव्हापासून घरीच. बोलणं बंद, जेवण नावाला, वावरात पण पाय नाही. शेवटी मेडिकल कॉलेजात मानसोपचारवाल्यांना दाखवलं, डिप्रेशन आणि अँग्झायटी दोन्ही आहे म्हणाले, गोळ्या सुरू आहेत.

आता बरेच बरे वाटतात. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बसतात, नातवाला अंगणवाडीत सोडतात. परवा स्वतःच फोन केला की "सीझन लागून राहिला, मी येऊ का?" मी हो म्हणून बसलो आणि आता विचारात पडलो आहे. काका म्हणतात पूर्ण बरा होऊ दे, पुढच्या वर्षी बघू, काट्यावर चूक म्हणजे पैशाची चूक. हमाल लोकांत कुजबुज आहे की त्याच्या डोक्यावर परिणाम झाला होता. आणि काम तर तुम्हाला माहीतच आहे, एकदा आवक वाढली की गेटपासून रोडपर्यंत ट्रॉल्या, पिकअप, मेटॅडोर. कापसातल्या ओलाव्याचं भांडण वेगळंच, सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळ) ८ टक्के पाहिजे, १२ पर्यंत चालतो पण वरच्या प्रत्येक टक्क्याला भाव कापतात, १२ च्या वर घेतच नाहीत. मीटर असतो ग्रेडरच्या हातात पण शेतकरी तोंड सोडतो काट्यावाल्यावर.

त्यांना परत घ्यायचंच आहे, ते नक्की. पण कसं? एकदम जुनंच काम द्यायचं की दुसरं काही? लोकांना काय सांगायचं? कोणाच्या घरात, ऑफिसात, शाळेत असं झालं असेल तर सांगा.

काळी_माती (वाशीम)

भाऊ एवढा विचार कायले करून राहिले? माणूस स्वतः येतो म्हणते तर येऊ द्या ना. घरी बसून बसून डोकं सडते माणसाचं. कामात जीव रमला का आपोआप बरं होते, गोळ्या-बिळ्याची गरज पडत नाही मंग. पहिल्याच दिवशी बसवा काट्यावर, दोन दिवस जड जाईन, तिसऱ्या दिवशी पाह्यजा कसा गडी पहिल्यासारखा. आमच्या बुढ्याच्या टायमाले तर कोणाले डिप्रेशन होत नव्हतं बाप्पा, सकाळी उठले का वखर.

बदलीवाली_बाई (बुलडाणा जिल्हा)

काळी_माती भाऊ, तुमच्या बुढ्याच्या टायमाला पण होत होतं, फक्त "त्याचं मन उडालं" किंवा "बाहेरचं लागलं" म्हणायचे आणि माणूस ओसरीवर पडून असायचा. असो.

मी झेडपीत शिक्षिका आहे आणि मी स्वतः यातून परत शाळेत गेलेली आहे म्हणून लिहिते. सरकारी नोकरीत एक बरं की वैद्यकीय दाखल्यावर रजा मिळते, अर्धवेतनी रजा खात्यावर असली तर ती परिवर्तित करून पूर्ण पगाराची होते, अर्जित असते, आणि परत रुजू होताना डॉक्टरचं फिटनेस लागतं. म्हणजे नोकरी जाईल ही भीती तरी नव्हती. पण ते फिटनेसचं कागद हातात आलं ना की सगळ्यांना वाटतं बाई फिट आहे, लावा कामाला. कागदावर तारीख असते, माणूस काही त्या तारखेला बदलत नाही.

मला सगळ्यात जड काय गेलं सांगू? शिकवणं नाही. पोरं तर उलट बरं करतात. जड गेलं ते स्टाफरूममध्ये पहिल्या दिवशी शिरणं आणि "काय झालं होतं हो मॅडम?" याला तोंड देणं. मला माझ्या डॉक्टरांनी आधीच एक वाक्य ठरवून दिलं होतं, घरी पाठ केलं होतं अक्षरशः, "तब्येत बरी नव्हती, औषध चालू आहे, आता बरं आहे", बस्स. कोणी पुढे खोदलं की तेच वाक्य परत. तिसऱ्या वेळेला माणूस विषय बदलतो. दादांसोबत बसून त्यांना चालेल असं एक वाक्य ठरवा आणि तेच वाक्य तुम्ही पण हमालांना सांगा, दोघांचं वेगवेगळं नको. आजाराचं नाव सांगायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, तुम्ही नाही आणि काकांनी तर बिलकुल नाही.

दुसरं, आमच्या मुख्याध्यापकांनी एक काम फार चांगलं केलं. वर्ग माझा मलाच दिला पण पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं काढून दुसऱ्या सरांकडे दिलं. तांदळाचा साठा, रोजची हजेरी, ती रजिस्टरं पाहिली तरी मला धडधड व्हायची. आणि हे काढलं तेव्हा "तुम्हाला झेपणार नाही" असं नाही म्हणाले, "दिवाळीपर्यंत हे सर बघतील, नंतर तुमच्याकडे येईल" म्हणाले. मुदत सांगितली ना, म्हणून मला काढून टाकल्यासारखं नाही वाटलं. उलट एक मॅडम होत्या त्या तासातासाला येऊन "बरं आहे ना? बरं आहे ना?" विचारायच्या, त्यांना पाहिलं की मी वर्गात पळायचे 😄 चांगल्या मनाच्या होत्या पण बाप रे.

काळीपिवळीवाली (वणीकडची)

आमच्या ह्यांची काळी-पिवळी आहे त्यांना पॅनिक अटॅक यायचे. तुमच्या दादांसारखंच, छातीत दुखते हातपाय गार, आता मी मरतो असं वाटते. गाडीत सवाऱ्या असतानाच एकदा झालं, रोडच्या बाजूला गाडी लावून उतरून गेले, तेव्हापासून गाडीची चाबी पण हातात घेत नव्हते. घरातले सगळे म्हणे नको रे बाबा चालवू, आराम कर, आणि जितका आराम केला तितकी भीती वाढली, पुढं पुढं तर दुसऱ्याच्या गाडीत बसायला पण नाही म्हणायला लागले.

मग सेवाग्रामला दाखवलं. तिथल्या डॉक्टरीनबाईनं समजावून सांगितलं की हे हार्टचं नाही, ही भीतीची लाट आहे, ती चढते आणि थोड्या वेळानं आपोआप उतरते, उतरायच्या आधी तुम्ही पळून गेले की डोक्याला वाटते पळालो म्हणून वाचलो. म्हणून पळायचं नाही, पण एकदम मोठ्या भीतीत पण शिरायचं नाही. गोळीनं झोप येत होती म्हणून डॉक्टर हो म्हणेपर्यंत चालवायची मनाईच होती. तोवर काय, तर अंगणात उभ्या गाडीत बसायचं, नुसतं बसायचं, स्टेअरिंगवर हात ठेवून. शेजारचे हसले, हसू द्या. मग हो म्हटल्यावर रिकामी गाडी नाल्यापर्यंत, मग मी बाजूला बसून फाट्यापर्यंत, मग दोन ओळखीच्या सवाऱ्या. वणीच्या बाजाराच्या दिवशी भरून चालवणं सगळ्यात शेवटी ठेवलं. मध्ये एकदा परत आला अटॅक, गाडी बाजूला घेतली, पण उतरले नाही, बसून राहिले, गेला.

तुमच्या दादाचा अटॅक काट्याच्या खोलीतच आला होता ना? मग ती खोलीच त्यांना खायला उठत असन. सीझन लागायच्या आधी, गेटवर एक पण गाडी नसताना, बोलवा त्यांना एक-दोनदा, चहा प्यायला. त्याच खोलीत बसून प्या.

केसपेपर (अमरावती विभाग)

मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सोशल वर्कर म्हणून काम करतो. वरच्या दोघी ताईंनी जे लिहिलं ते आमच्याकडचे डॉक्टर सांगतात त्यापेक्षा वेगळं नाही, चहाचं तर एक नंबर.

आधी काकांच्या मुद्द्याचं. "पूर्ण बरा होऊ दे मग ये" हे ऐकायला माणुसकीचं वाटतं पण डिप्रेशनमध्ये उलटं पडतं. माणूस जितका जास्त दिवस कामापासून लांब तितकं परत येणं अवघड होतं, रोजची घडी मोडते, चार माणसांत बसणं सुटतं, पैसा थांबतो, आणि "आपण कामाचे नाही" हे पक्कं होत जातं. आणि जिनिंग तर सीझनचा धंदा, हा सीझन हुकला की सरळ एक वर्ष. म्हणून काळी_माती भाऊ अर्धे बरोबर आहेत, काम हे औषधासारखं लागू पडतं. पण औषधाला डोस असतो भाऊ. आणि गोळीच्या ऐवजी काम नाही, गोळीसोबत काम.

गोळ्यांबद्दल स्पष्ट लिहितो कारण सीझनमध्ये इथंच गाडी घसरते. या गोळ्यांचा फरक जाणवायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, आणि बरं वाटायला लागल्यावर पण कमीत कमी ६ महिने चालू ठेवायच्या असतात, कोणाला त्याहून जास्त, ते डॉक्टर ठरवतात. आमच्याकडे दरवर्षी बघतो, कापूस वेचणी लागली की ओपीडी रिकामी होते, "बरं वाटून राहिलं होतं म्हणून सोडल्या" आणि दोन-तीन महिन्यांनी परत तोच माणूस, जास्त खराब होऊन. एकदम बंद केल्यानं चक्कर, घाबरल्यासारखं, झोप उडणं हे पण होतं आणि मग आजार परत आला की गोळी सुटली म्हणून होतंय तेच कळत नाही. तेव्हा सरकी_ढेप भाऊ, तुम्ही करण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दवाखान्याच्या तारखेला सुट्टी, न मागता, पगार न कापता. तेवढ्यानं निम्मं काम होतं.

आता काम कसं वाटून द्यायचं. मी जिनिंगचा माणूस नाही, पण तुमच्या लिहिण्यावरून मला दोन वेगळी कामं दिसतात, एक आकड्याचं आणि एक भांडणाचं. आकड्याचं त्यांना येतं, वर्षानुवर्षं केलंय. त्रास भांडणाचा आणि लाईनचा. तर पहिले काही आठवडे लाईनच्या वेळी काट्यावर दुसरा पोरगा बसवा आणि दादांना गाठींचा हिशेब, सरकीच्या गाड्या, पावत्या जुळवणं असं द्या, पण खरं काम द्या, खुर्ची देऊन बसवून ठेवू नका, ते माणसाला लगेच कळतं आणि फार लागतं. मग कमी गर्दीच्या वेळेला काटा. बाहेर मोठा डिस्प्ले नसेल तर लावून घ्या, आकडा शेतकऱ्याला स्वतःला दिसला की निम्मी भांडणं होतच नाहीत, हे तर सगळ्यांच्याच फायद्याचं.

वेळ कोणती हे मात्र त्यांनाच विचारा. तुम्हाला वाटेल सकाळी लिलाव व्हायच्या आधी शांत असतं, तेव्हा बोलवू. पण डिप्रेशनमध्ये बऱ्याच जणांची सकाळच सगळ्यात जड असते, उठायलाच नको वाटतं, शिवाय रात्रीच्या गोळीची गुंगी. दुपारी माणूस मोकळा होतो. काहींचं उलट. तुम्ही घरी बसून टाइमटेबल बनवलं तर चुकणार.

आणि परत परत तपासायची सवय आहे ती थोडी डोकावेल, लोड वाढला की नक्की. त्यावर आधीच ठरवा की पावती एकदा तपासायची आणि फाडायची. मागे उभं राहून तुम्ही तपासत बसू नका, दिवसाच्या शेवटी जसं सगळ्यांचं जुळवता तसंच त्यांचं जुळवा.

कायद्याचं थोडं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलेला आहे. म्हणजे काकांनी डॉक्टरला फोन करून "काय झालंय त्याला" विचारलं तर डॉक्टर सांगणार नाहीत आणि सांगू पण नये. दादांची परवानगी असेल तर तिघं मिळून एकदा ओपीडीला जा, तिथंच डॉक्टरला विचारा किती तास, रात्रपाळी चालेल का. रात्रपाळी माझ्या मते पहिला सीझनभर नकोच, झोप मोडली की सगळं मोडतं. बाकी ईएसआयचा (कामगार विमा) आजारपणाचा भत्ता वगैरे तुमच्याकडे मिळणार नाही, कॉटन जिनिंग-प्रेसिंग हंगामी कारखाना धरून त्यातून बाहेर ठेवलंय. म्हणून पगाराचा आधार काय तो तुम्हीच.

एक शेवटचं पण महत्त्वाचं. परत येताना काही जणांचं खाली-वर होतं. झोप पुन्हा जाणं, जेवण कमी, चिडचिड, "माझ्यामुळं सगळ्यांना त्रास" असली भाषा, हे दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखान्यात. मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारा, विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. घरच्यांना सांगा फवारणीचं औषध घरात ठेवू नका, भावाकडे नाहीतर कृषी केंद्रातच राहू द्या आणि दादांना यंदा फवारणीला पाठवू नका. रात्री-बेरात्री काही वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलता येतं. दादाच नाही, त्यांची बायको किंवा तुम्ही पण लावू शकता.

काळी_माती

बरं बावा, डोस म्हणा. पण मले एक सांगा, खेड्यात हे सगळं कोण करून राहिलं? डॉक्टर यवतमाळ, नागपूर, सेवाग्राम. एसटीनं जाऊन-येऊन दिवस मोडते, मजुरी मोडते. आमच्या गावात एक पोट्टा आहे, त्याचा बाप त्याले हप्त्याले बुवाकडं नेते कारण बुवा पाच किलोमीटरवर आहे.

केसपेपर

हा प्रश्न एकदम बरोबर आहे. प्रत्येक गावात मानसोपचार डॉक्टर येणार नाही, तेवढे डॉक्टरच नाहीत. पण आमची टीम जिल्ह्याच्या ठिकाणाहून बाहेर ठरलेल्या वारी उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात जाते, तुमच्या आशाताईला वार विचारा, तिला माहीत असतो. २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प आहे, त्यात आशा घरोघरी विचारपूस करतात. आणि गावातलीच माणसं शिकवून काम होतं हे आपल्या इकडेच दिसलंय, अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला, गावातल्याच शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन बोलायचं, गरज पडली तर पुढे पाठवायचं. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते ते दीड वर्षात २७.२ टक्के झाले. २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं ते. तरी बघा, चारातले तीन बाहेरच राहिले, म्हणजे काम किती बाकी आहे. त्या पोराला बुवाकडे जाऊ द्या हवं तर, भांडू नका बापाशी, पण सोबत एकदा ग्रामीण रुग्णालयात आणा. तोवर १४४१६ फोनवर आहेच.

सरकी_ढेप

सगळ्यांचे आभार, खरंच. काल दादांना बोलावलं होतं, चहाला. काट्याच्या खोलीत आले, दारात जरा थांबले, मग खुर्चीवर न बसता आधी काट्याच्या प्लेटवरची माती पायानं सरकवली आणि म्हणाले "हे कोण साफ करून राहिलं? वजनात फरक येईन ना." मी आणि काका एकमेकांकडे बघत राहिलो. नंतर बसले तासभर. हात थरथरत होते कपाचे, पण बसले.

वेळ विचारली तर दुपारी १ ते ५ म्हणाले, सकाळ नको. लोकांना काय सांगायचं विचारलं तर म्हणे "बीपी आणि झोपेचा त्रास होता, गोळ्या चालू आहेत सांगा". ठीक आहे, तेच सांगणार. मुख्य हमालाला मी स्वतः सांगितलं, तो उलट म्हणाला माझ्या साळ्याचं पण असंच आहे, कोणाला दाखवायचं? डिस्प्लेचं कोटेशन मागवलंय, काका कुरकुरले पण मागवा म्हणाले.

आता एकच अडकलंय. चार तास काम म्हणजे अर्धा पगार असं काका म्हणतात. मला पूर्ण द्यावा वाटतो पण बाकीचे लोक बोलतील. काय करावं?

बदलीवाली_बाई

पूर्ण दिला तर दादांनाच ओझं होईल, "फुकटचं खातोय" वाटेल आणि ते जबरदस्तीनं जास्त वेळ थांबतील, आम्ही सगळे असेच असतो. अर्धा दिला तर घर चालणार नाही, शिवाय सहा-सात महिने काही आलेलं नसणार. मधलं काहीतरी ठरवा, तासांप्रमाणे पगार आणि वरची रक्कम उचल म्हणून नाही तर सीझनचा बोनस आधी दिला असं धरून, म्हणजे कर्ज पण नाही आणि दया पण नाही. आणि जे काय ते कामावर यायच्या आधी आकडा सांगा, त्यांच्या बायकोसमोर सांगा. पगाराच्या दिवशी पाकीट उघडून कळलं असं नको.

काळीपिवळीवाली

आणि तास वाढले की पगार वाढन हे पण तेव्हाच सांगा. पण वाढवायचे ते त्यांनी मागितल्यावर, लाईन लागली म्हणून तुम्ही थांबवून घेऊ नका. सीझनमध्ये हेच होते बघा, "आज थोडं थांबता का दादा".

सरकी_ढेप

हो हे होणारच होतं आमच्याकडून 😅 पाच वाजता दुसरा पोरगा काट्यावर येईल असं करतो, म्हणजे थांबवायला कारणच नाही. साळ्याच्या त्या केससाठी केसपेपर भाऊ, आमच्या ग्रामीण रुग्णालयात टीम कोणत्या वारी येते ते आशाताईला विचारून हमालाला सांगतो.